वीस डोकी, पंचावन्न पाय

हौसाबाईनं अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला होता. फॉर्म समोर होता. आमचा क्लार्क बसाप्पा कुठं उठवायचा ती जागा बोटानं दाखवत होता. तेवढ्यात तिनं हात मागं घेतला.

"आधी मला सांगा, ह्ये 'ब' म्हंजे काय?"

बसाप्पा म्हणाला, "ब म्हंजे ब. अ च्या नंतरचं."

"त्ये कळतंय मला. माझं पोरगं अ मदी का न्हाय?"

बसाप्पानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आलेले फॉर्म वर्गवार लावत बसलो होतो. फॉर्मवर 'ब' मीच लिहिला होता, त्यामुळं उत्तर देणं माझ्याकडंच होतं.

मी त्या वेळी निपाणीच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचो. दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं होती. मराठी चार इयत्ता झाल्यावर मुलं आमच्याकडं इंग्रजी पहिलीत येत. इंग्रजी तिसरी म्हणजे आजची सातवी. ती संपताना आमच्या शाळेत गणिताच्या दोन वाटा होत. 'अ' डिव्हिजनला अल्जिब्रा आणि जॉमेट्री, म्हणजे बीजगणित आणि भूमिती. 'ब' डिव्हिजनला नुसतं अंकगणित, आणि उरलेल्या वेळात शेतकी. दोन्हीकडून मॅट्रिकला बसता येई. पण 'ब' मधून गेलेल्याला पुढं सायन्स नाही, इंजिनिअरिंग नाही, ओव्हरसिअरचा कोर्ससुद्धा नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोराचं हे सगळं एका फॉर्मवर ठरायचं.

ठरवायचो मी. त्यासाठी एक टेस्ट घ्यायचो. वीस गणितं, एक तास. बारा किंवा जास्त बरोबर आली तर 'अ', नाहीतर 'ब'. अठ्ठेचाळीस मुलं होती. 'अ' च्या खोलीत तिसांची जागा होती. मग पालकांची सही किंवा अंगठा घेऊन फॉर्म हेडमास्तरांकडं. इतकी वर्षं कुणी काही विचारलं नव्हतं.

हौसाबाई कोगनोळीकडच्या एका वाडीतली. नवरा पलटणीत होता, समुद्रापलीकडं कुठंतरी. त्याचं पत्र दोन-दोन महिन्यांनी यायचं, म्हणून अंगठा तिचा लागत होता. पोरगा शिदू निपाणीत मावशीकडं राहून शिकत होता आणि शनिवारी दुपारी शाळा सुटली की शेतावर आईच्या मदतीला जात होता. आज बाजार होता. ती कोंबड्या विकायला आली होती. दोन राहिल्या होत्या. पाय बांधून पाटीत ठेवलेल्या, ती पाटी ऑफिसच्या दाराशी होती.

मी म्हणालो, "आक्का, शिदूला वीसपैकी सहाच गणितं आली. 'अ' ला बारा लागतात."

"अ मदी असतंय तरी काय एवढं?"

"बीजगणित."

"म्हंजे?"

आता हा प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता. वर्गात मी फळ्यावर 'एक्स' लिहायचो आणि मुलं वहीत 'एक्स' लिहायची. बसाप्पा कानडीत पुटपुटला, "इरली बिडी, सर." म्हणजे राहू द्या, सोडा. पण बाई माझ्याकडं बघत होती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. शाई लागलेला अंगठा तिनं लुगड्याला लागू नये म्हणून वर धरला होता.

मी म्हणालो, "जी गोष्ट आपल्याला माहीत नाही, तिला आधी एक नाव द्यायचं. मग तिच्याबद्दल जे जे ठाऊक आहे ते मांडायचं. मांडत मांडत ती गोष्ट शोधून काढायची. हे बीजगणित."

"म्हंजे न बघितलेल्याचं नाव आधीच ठेवायचं?"

"हो."

"आमी पोर जल्माला आल्यावर बाराव्या दिशी ठेवतो."

"इथं आधी ठेवतात."

"आन ते जल्मालाच न्हाय आलं तर?"

बसाप्पा हसला. मीही हसणार होतो, पण थांबलो. कारण प्रश्न बरोबर होता. काही गणितांना उत्तरच नसतं. कॉलेजात आम्हाला ते दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं, आणि प्रोफेसरांनी त्यासाठी दोन फळे भरले होते.

मी म्हणालो, "तर मग उत्तर नाही, असं लिहायचं."

"असं लिवल्यालं चालतंय?"

"चालतं."

"बरं." तिनं ते मनात कुठंतरी ठेवून दिल्यासारखं केलं. मग म्हणाली, "शिदूची सहा आली म्हणता. चुकली किती?"

मी गठ्ठ्यातून त्याचा कागद काढला. कागदाची तेव्हा फार टंचाई. मुलं आकडेमोड पाटीवर करत आणि अर्ध्या तावावर नुसती उत्तरं लिहीत. शिदूच्या कागदावर एक ते सहा आकड्यांपुढं उत्तरं होती. सातपासून खाली सगळं कोरं.

"चुकलं एकही नाही," मी म्हणालो. "पण पुढची केलीच नाहीत. मुलगा संथ आहे, आक्का. वाईट नाही. संथ आहे."

"संथ हाय व्हय. जेवायला बसला तर बैल पाणी पिऊन येत्यात तवर ह्यो उठत न्हाय." ती बोलली आणि लगेच तिचा सूर बदलला. "पर सहा झाल्यावर काय करत हुता? झोपला हुता?"

मला माहीत नव्हतं. मी सुपरव्हिजनला होतो, पण माहीत नव्हतं.

मी शिपायाला पाठवून शिदूला वर्गातून बोलावलं. तो आला. किडकिडीत, मोठ्या कानांचा पोरगा. आईला बघून आधी घाबरला, मग त्यानं पाटीतल्या कोंबड्या मोजून घेतल्या.

"शिदू, सहा गणितं झाल्यावर टेस्टमध्ये काय केलंस?"

"सातवं करत हुतो, सर."

"किती वेळ?"

"घंटा हुईस्तवर."

मी अंदाज केला. सहा गणितांना वीस मिनिटं धरली तरी चाळीस मिनिटं उरतात. सातवं गणित मला पाठ होतं. शेळ्या आणि कोंबड्या मिळून वीस डोकी, चोपन्न पाय, तर शेळ्या किती? हे गणित दरवर्षी असायचं. सगळ्याच्या सगळ्या कोंबड्या धरल्या तर चाळीस पाय होतात. जादा चौदा. एकेका शेळीमागं दोन जादा, म्हणून शेळ्या सात. दोन मिनिटांचं काम.

"दोन मिनिटांचं गणित आहे ते," मी जरा चिडूनच म्हणालो. "चाळीस मिनिटं काय केलंस त्यात?"

"पाय जुळंनात, सर."

"जुळायला काय झालं? वीस डोकी, चोपन्न पाय."

"पंचावन्न, सर."

"चोपन्न."

शिदूनं मान खाली घातली. पण म्हणाला, "फळ्यावर पंचावन्न हुतं, सर."

मी काही बोलायच्या आत हौसाबाई म्हणाली, "पंचावन्न पाय? आन शेळ्या-कोंबड्याच? मग एक लंगडी हाय."

बसाप्पा टेबलावर हात मारून हसला. दाराशी उभा असलेला शिपाई हसला. मी नाही हसलो. बाईनं एकही आकडा मांडला नव्हता. तिनं एवढंच पाहिलं होतं की पाय जोडीनं येतात आणि पंचावन्नाची जोडी लागत नाही. माझ्या मनात आता एकच गोष्ट घोळत होती, की मी फळ्यावर नक्की काय लिहिलं होतं?

फळा तर त्याच दिवशी पुसला गेला होता. गणितं छापलेली नव्हती, फळ्यावरूनच सोडवलेली. माझ्या टिपणवहीत चोपन्न होतं. ते मी लगेच पाहिलं. मनात आलं, पोरगं घाबरून सांगतंय. मग आलं, घाबरलेलं पोरगं असा नेमका आकडा का सांगेल?

मी हौसाबाईला म्हणालो, "आक्का, आज अंगठा देऊ नका. पुढच्या बाजारी या. मला काहीतरी बघायचं आहे."

"बगा," ती म्हणाली. अंगठ्याची शाई तिनं दारालगतच्या भिंतीच्या चुन्याला पुसली, पाटी उचलली आणि शिदूला म्हणाली, "जा रं वर्गात."

शाळा सुटल्यावर मी स्टाफरूममध्ये अठ्ठेचाळीस कागद घेऊन बसलो. बाहेर वखारीतून तंबाखूचा वास येत होता. त्या हंगामात आमच्याकडं माणूस शिंकतच असतो. मी शिंकत शिंकत एकच गोष्ट बघत होतो, सातव्या गणितापुढं कुणी काय लिहिलंय.

सव्वीस जणांनी 'सात' लिहिलं होतं. त्यांना मी बरोबरची खूण दिली होती. अकरा जणांनी 'आठ'. त्यांना चूक. सात-आठ जणांनी भलतंच काहीतरी. आणि दोघांनी लिहिलं होतं, 'साडेसात'.

ते दोन कागद मला चांगले आठवत होते. तपासताना मी ते मोठ्यानं वाचून दाखवले होते. "साडेसात शेळ्या! अर्धी कुणाच्या ताटात गेली?" सगळे मास्तर हसले होते. मीही.

आता मी हसत नव्हतो. पेन्सिल घेतली. चोपन्न पायांचं गणित कितीही चुकवलं तरी साडेसात सहजासहजी येत नाही. पंचावन्न धरले, की चाळीस वजा करून पंधरा, आणि पंधराचे निम्मे साडेसात. सरळ. त्या दोन पोरांचं उत्तर चुकलेलं नव्हतं. फळ्यावर जे होतं त्याचं ते अचूक उत्तर होतं. फळाच चुकला होता, आणि फळ्यावर खडू माझा होता.

मग ज्यांनी 'सात' लिहिलं, त्यांनी ते कुठून आणलं? हे मला गप्प बसू देईना. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाला, दत्तूला, मी व्हरांड्यात गाठलं. टेस्टमध्ये तो एकोणीस बरोबर आणून पहिला आला होता.

"दत्तू, शेळ्यांच्या गणितात पाय किती होते रे?"

"पंचावन्न, सर."

"मग शेळ्या सात कशा आल्या तुझ्या?"

तो ओशाळला. "साडेसात येत हुत्या, सर. अर्धी सोडून दिली."

"का?"

"अर्धी शेळी नसती, सर. आणि तुमी दिलेलं गणित, उत्तर पुरंच असणार."

त्यानं वेळ वाचवला आणि पुढं गेला. परीक्षेत हेच करायचं असतं, हे मीच शिकवलं होतं. 'आठ' लिहिणाऱ्यांनी अर्धीची एक केली, एवढाच फरक. 'सात' वाल्यांना मी मार्क दिले, कारण माझ्या वहीतल्या उत्तराशी जुळत होतं. वर्गात एकच पोरगा असा निघाला, ज्याला अर्धी शेळी सोडवत नव्हती, वाढवत नव्हती आणि तशीच ठेववतही नव्हती.

मधल्या सुट्टीत मी शिदूला विचारलं, "जुळत नव्हतं तर मला का नाही सांगितलंस?"

"सर चुकल्यात असं कसं म्हणायचं?" तो म्हणाला. "मला वाटलं माझं चुकतंय. म्हणून परत परत केलं. आदी सगळ्या कोंबड्या धरून केलं. मग सगळ्या शेळ्या धरून केलं. मग एक शेळी, दोन शेळ्या असं करत वीसपर्यंत गेलो."

"वीसपर्यंत?"

"व्हय. पंचावन्न कुठंच येत न्हाय, सर. चोपन्न येतंय, छप्पन्न येतंय. मधलं येतच न्हाय."

तेरा वर्षांच्या पोरानं, पाटीवर, घड्याळ चालू असताना, उत्तर नाही हे वीस वेळा तपासून काढलं होतं. फक्त तसं लिहायची मुभा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

मी हेडमास्तरांकडं गेलो. ते शिस्तीचे गृहस्थ. त्यांच्या टेबलावर कागद कधी तिरका दिसला नाही.

"सर, माझ्या टेस्टमध्ये चूक आहे. सातवं गणित."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते गणित रद्द केलं तर यादी बदलते?"

"नाही. दोनदा पाहिलं. तीसच्या तीस तेच राहतात."

"मग संपलं. रद्द करा. वर्गात सांगा की रद्द केलं."

"शिदूचं संपत नाही, सर. त्याची चाळीस मिनिटं त्या गणितानं खाल्ली. म्हणजे मी खाल्ली."

"बाकीच्यांनी का नाही घालवली चाळीस मिनिटं? कुठं थांबायचं हे कळणं हाही गणिताचाच भाग आहे, देसाई. मॅट्रिकचा पेपर तीन तासांत उचलतात. तिथं हा काय करणार?"

हे अगदीच चूक नव्हतं. आजही मला ते चूक वाटत नाही. मी म्हणालो, "राहिलेली तेरा गणितं त्याला द्यायची परवानगी द्या. चाळीस मिनिटं. घड्याळ लावून."

"तुमच्यासमोर नाही," ते म्हणाले. "माझ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शिदू हेडमास्तरांच्या खोलीत पाटी घेऊन बसला. गणितं या वेळी मी कागदावर लिहिली होती आणि तिघांकडून वाचून घेतली होती. हेडमास्तरांनी खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मी बाहेर बाकावर बसलो. आतून पाटीवरची पेन्सिल कुरकुरायची, थांबायची, बराच वेळ थांबायची, मग पुन्हा कुरकुरायची. इतकी मुलं माझ्या हाताखालून गेली, पण कुणाची पेन्सिल मी अशी कान लावून ऐकली नव्हती.

चाळीस मिनिटांत त्यानं पाच गणितं केली. पाचही बरोबर. आधीची सहा. एकूण अकरा.

"अकरा," हेडमास्तर म्हणाले. "बारा नाहीत."

"हो, सर."

मी हिरमुसलो. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, तो तेराच्या तेरा करून दाखवेल आणि मी सुटेन. तसं झालं नाही. पोरगा खरोखरच संथ होता. हेडमास्तरांनी घड्याळ खिशात ठेवलं, पण शिदू उठला नाही. त्यानं विचारलं, "सर, राहिलेली करू का? वेळ संपलाय, पर करू का?"

हेडमास्तरांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. म्हणाले, "कर."

आणखी तासाभरात त्यानं उरलेली आठ संपवली. सहा बरोबर, दोन चूक. ती दोन कुठं चुकली हे बघितल्याशिवाय तो घरी जाईना. हेडमास्तर स्वतः उभं राहून त्याला दाखवत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना हातात खडू घेतलेलं प्रथमच पाहिलं.

तो गेल्यावर ते म्हणाले, "पालकांना खरं काय ते सांगा. त्यांची तयारी असेल तर 'अ' मध्ये एक बाक वाढवू. टर्म परीक्षेत नापास झाला तर 'ब' मध्ये जाईल. आणि ही शिफारस तुमची. माझी नाही."

पुढच्या बाजारी हौसाबाई आली. या वेळी कोंबड्या सगळ्या खपल्या होत्या. शिदूलाही मी बोलावून घेतलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. फळ्यावर पंचावन्न मीच लिहिलं होतं, हेही सांगितलं.

"म्हंजे चूक तुमची हुती," ती म्हणाली. रागानं नव्हे. नक्की करून घ्यावं तसं.

"माझी होती."

"बरं. आता पोराचं बोला."

"'अ' मध्ये गेला तर त्याला जड जाईल. बाकीची मुलं पुढं पळतील, हा मागं राहील. आणि 'अ' ला शनिवारी दुपारीही वर्ग असतो, भूमितीचा. म्हणजे शनिवारी शेतावर यायला त्याला उशीर होईल. 'ब' मध्ये गेला तर पहिल्या पाचांत राहील, शेतकी शिकेल, शनिवारी दुपारी मोकळा. पण पुढच्या काही वाटा बंद होतील."

नवरा परमुलखात, शेत तिच्या एकटीच्या हातात, शनिवारी येणारे दोन हात तेवढेच. हे तिनं बोलून दाखवलं नाही. तिनं विचारलं भलतंच.

"वर गेला आन न्हाय जमलं, तर खाली येता येतंय?"

"येतं. कधीही."

"आन खाली बसला, मग वर जावंसं वाटलं, तर?"

"नाही जमत. बीजगणित पहिल्यापासून हुकलेलं असतं. एकदा सुटलं की सुटलं."

"मग ह्यात इचार करण्यासारखं काय हाय, मास्तर?" ती म्हणाली. "जिथनं परत येता येतंय तिकडंच आदी जायाचं."

मी आठवडाभर त्या पोराच्या मार्कांचा कीस पाडत होतो. अकरा की बारा, संथ की मंद, योग्य की अयोग्य. हा साधा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

तिनं शिदूकडं पाहिलं. "तुला काय वाटतंय रं? जायाचं हाय का न्हाय?"

शिदू मला म्हणाला, "सर, तिथं असली असत्यात का? न येणारी?"

"कसली?"

"उत्तर न्हाय असली."

"असतात. कधी कधी."

"आन तसं लिवायचं?"

"उत्तर का नाही, ते दाखवून लिहायचं."

"मग जातो," तो म्हणाला.

हौसाबाईनं अंगठा पुढं केला. बसाप्पानं पॅड उघडलं. मी फॉर्मवरचा 'ब' खोडला, 'अ' लिहिला आणि शेजारी सही केली. ती अंगठा उठवताना म्हणाली, "शनवारचं मी बगतो." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, 'बगतो, आलतो, गेलतो'. मग शिदूच्या डोक्यावर टपली मारून ती बाजारात मीठ घ्यायला निघून गेली.

पुढचं थोडक्यात सांगतो. पहिल्या टर्मला शिदूला गणितात छत्तीस मार्क पडले. पास व्हायला पस्तीस लागत. हेडमास्तरांनी निकाल नुसता माझ्यापुढं सरकवला. मी घाबरून त्याला वेग शिकवायचा प्रयत्न केला. घड्याळ लावून गणितं दिली, ओरडलो, एकदा पाटीही हिसकावून घेतली. त्यामुळं तो वेगानं चुकायला लागला. दोन महिन्यांनी मी नाद सोडला. मग तो पुन्हा सावकाश बरोबर करू लागला. भूमितीत मात्र त्याला गोडी लागली. तिथं प्रत्येक पायरीला 'का' लिहावं लागतं, आणि त्याला तेच हवं असायचं.

वडील लढाई संपल्यावर परत आले. एका बाजारी शाळेत येऊन त्यांनी मला सॅल्यूट ठोकला. बसाप्पा उभा राहिला, आणि मलाही उभं राहावं लागलं.

इंग्रज गेले त्या वर्षी शिदू मॅट्रिक झाला. गणिताचा पेपर त्यानं निम्म्याहून थोडा जास्तच सोडवला होता. केलेलं जवळपास सगळं बरोबर असणार, कारण पास झाला. पहिल्या वर्गात आला दत्तू. शिदूनं ओव्हरसिअरचा कोर्स केला आणि पाटबंधाऱ्यात लागला. दत्तू बँकेत गेला. दोघांचंही बरं चाललं. कुणाची निवड बरोबर आणि कुणाची चूक, हे सांगायला दोन आयुष्यं समोर ठेवून मोजावी लागतील, आणि ते गणित मला येत नाही.

मी स्वतःपुरते दोन बदल केले. एक, टेस्ट फळ्यावर लिहून झाली की मी मागच्या बाकावर जाऊन बसतो आणि फळ्यावरून ती स्वतः सोडवतो, वहीतून नव्हे. मुलांना सुरुवातीला याची गंमत वाटायची. दोन, प्रत्येक टेस्टच्या शेवटी एक ओळ घालतो, 'उत्तर येत नसल्यास तसे लिहावे व कारण द्यावे.'

पहिल्या वर्षी ती ओळ पाच जणांनी वापरली. चौघांची गणितं धडधाकट होती, त्यांनी अभ्यास केला नव्हता. पाचव्याचं गणित मागच्या बाकावरूनही माझ्या नजरेतून सुटलं होतं; ते मी चार वेळा करून पाहिलं. चूक माझी होती.